दाताळी घरीच राहू द्या

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, मच्छीमार संस्थेची सगळी मंडळी, संशोधन केंद्रातले माझे सहकारी, आणि जिच्या निरोपासाठी हे सभागृह भरलं आहे ती आपली लाडकी पाहुणी, म्हणजे केंद्रातून आज निवृत्त होणाऱ्या आपल्या बाई,

केंद्रात मला सगळे 'वकील' म्हणतात. नाव बाईंनीच ठेवलं, कारण भरतीची वेळ सांगितली तरी मी वाद घालतो. आज त्यांनी मला खरंच वकीलपत्र दिलं आहे. अध्यक्षांनी मघाशी मोठ्या मनाने जाहीर केलं, की बाईंच्या गौरवार्थ येत्या रविवारी पुन्हा दाताळी घेऊन समुद्रगवत उपटायची मोहीम काढू. टाळ्याही पडल्या. त्याच वेळी बाईंनी माझी बाही ओढली आणि म्हणाल्या, "वकील, हे थांबव. मला उभं राहून बोलवणार नाही." तेव्हा आता जे बोलतो ते त्यांच्या वतीने, आणि अध्यक्षांची क्षमा मागून.

मी नोकरीला लागलो तेव्हा बाई म्हणाल्या, आपल्या बंदराच्या तळाशी कुरण आहे. मला हसू आलं. मग त्यांनी मला पाण्याखाली नेलं. हातभर लांब पाती एका लयीत डोलत होती, पात्यांच्या आडोशाला माशांची पिल्लं होती आणि एक म्हातारी कासवीण कुणाचीही पर्वा न करता चरत होती. वर आल्यावर मी वाद घातला नाही. बाई आजही ते सांगतात.

पुढे कुठल्याशा परक्या समुद्रातून आलेल्या बोटीच्या नांगराला चिकटून दुसरं गवत आलं. बुटकं, दाट, आणि पसरायची भलती घाई असलेलं. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी, मी त्यांच्याकडे बघत नाही, तेव्हा विचारलं होतं, "बाई, गवत ते गवत. हिरवं आहे ना?" बाई म्हणाल्या, "उद्या तुमच्या घरात दुसरंच कुटुंब येऊन राहिलं, तरी घर भरलेलंच दिसेल." बुटक्या पात्यांत पिल्लांना पुरेसा आडोसा नाही. मुळं वरवरची, त्यामुळे मोठं वादळ आलं की चटयाच्या चटया उखडतात आणि खालची वाळू मोकळी होते. जाळी हलकी का येऊ लागली, हे मच्छीमार मंडळींना मी काय सांगावं?

आता माझ्या मागचा हा फलक बघा. बाई पाण्यात, हातात दाताळं, आजूबाजूला आपण सगळे, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लग्नघरातला उत्साह. ते परकं गवत उपटायच्या पहिल्या मोहिमेतला हा फोटो सुंदर आहे. फलक लावणाऱ्यांनी प्रेमानेच निवडला. सकाळी तो पाहून मी उतरवायला निघालो, तर बाई म्हणाल्या, "राहू दे. एवढ्या हौसेनं लावलाय." आणि पाठ करून बसल्या. त्या तेव्हापासून मागे वळलेल्या नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं का?

त्या मोहिमेची वेळ बाईंनी ठरवली होती. हे गवत तुकड्यातूनही रुजतं, बोटाएवढा तुकडा पुरतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ओहोटी निवडली. दाताळ्याने तुटलेले तुकडे पाण्याबरोबर बाहेर, खोल समुद्रात जातील, असा हिशेब. पाण्याचा हिशेब बरोबर होता. दुपारी वारा फिरला. वर तरंगणारं सगळं गवत बाहेर जायच्या ऐवजी आतल्या खाडीत शिरलं, जिथे आपलं जुनं कुरण तोवर शाबूत होतं. आपण इकडे किनाऱ्यावर एकमेकांची पाठ थोपटत होतो. बाई धक्क्यावर उभ्या राहून ते बघत होत्या, आणि मी त्यांच्या शेजारी होतो. त्या एवढंच म्हणाल्या, "मी पाणी बघितलं रे, वारा नाही बघितला."

आतल्या खाडीत आज जुन्या गवताचं एक पातं नाही. कासवीण काही दिवस आली, घिरट्या घालून गेली, मग यायची थांबली. बाईंनी अहवालात चूक स्वतःच्या नावावर लिहिली. अहवाल कोण वाचतो? आपण फोटो फ्रेम केला.

जुन्या गवताचा एकच झुबका उरला आहे, केंद्राच्या मागच्या खोलीतल्या काचेच्या टाकीत. त्याला लागणारं समुद्राचं पाणी बाई रोज स्वतः फडक्यातून गाळून घालतात, चुकूनही तो परका तुकडा आत जाऊ नये म्हणून. आज सकाळी त्यांनी मला किल्ल्या दिल्या, कपाटं दाखवली. फडकं मात्र हातात धरून बसल्या. मी मागितलं नाही. मग म्हणाल्या, "हे वाढेल रे. पण वाढल्यावर लावायचं कुठे?"

म्हणून अध्यक्ष महोदय, रविवारी दाताळी घरीच राहू द्या. यायचंच असेल तर आपापल्या बोटींचे नांगर आणि दोर धुवायला धक्क्यावर या. फोटो चांगला येणार नाही, एवढं आधीच सांगतो.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर पोटात घाला. तुम्ही समोर आहात, म्हणून मला हे मागता तरी येतं. बाई रोज सकाळी खाडीवर जाऊन उभ्या राहतात, आणि पोटात घालणारं तिथे आता कुणी उरलेलं नाही.