ज्वारीला पाणी

दुष्काळ कसा हटवायचा ते आमच्या प्राचार्यांना विचारा की! बहात्तर साली पाण्यावाचून ज्वारीच्या पानांत काय बदल होतात ते तपासायला मी सोलापूरच्या कॉलेजात कुंड्या मुद्दाम कोरड्या ठेवल्या होत्या. अनुदान देणारे साहेब पुण्याहून येणार म्हटल्यावर प्राचार्यांनी टँकर मागवून सगळ्या भिजवल्या. मला म्हणाले, "पाहुण्यांपुढं मरतुकडी झाडं ठेवता होय?"

ज्वारी लई तरारली. साहेबांनी विचारलं, "पाणी कधीपासून नाही?"

मी तोंड उघडायच्या आत प्राचार्य म्हणाले, "महिनाभर थेंब नाही, सर!"

"वा! मग आता संशोधन कशाला हवं?" म्हणत साहेबांनी अनुदानच बंद केलं.

सोलापूरचा दुष्काळ असा संपला. फक्त आमच्या भवानी पेठेतल्या कोरड्या नळांना ते कुणी कळवलं नाही.