गुरुजींना उचलून न्यायचा नियम

नाही, मला एवढंच सांगा, सत्तर वर्षांच्या तपस्वी माणसाला रोज सकाळी सुई टोचायची? आणि टोचून झाली की खांद्यावर टाकून पळत सुटायचं? बरं, जाब विचारला तर तोंड वर करून म्हणणार, "पान सत्तेचाळीस, भाऊजी."

थांबा, तुमचा गोंधळ होईल. तपस्वी म्हणजे मी. म्हणजे खेळातला. आमच्याकडे दर रविवारी दुपारी हॉलमधल्या टेबलाभोवती चौघं बसतो, प्रत्येकाचं एक पात्र, राक्षस-बिक्षस, किल्ले-बिल्ले, फासे टाकायचे आणि पात्राच्या तोंडून बोलायचं. गोष्ट रचते आमची बायको. शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे डोंगर-नद्या एकदम चोख. मी गुरुजी, खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका तिरंदाज, आणि बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचा मेहुणा, तो सरदार. दातांचा डॉक्टर आहे. सुईचं प्रेम कुठून आलं ते कळलं ना?

आता तुम्हाला सांगतो, तीन वर्षं मी हा म्हातारा जपलाय. हळू बोलतो, कुणावर आवाज चढवत नाही, आणि स्वतःसाठी कधी काही मागायचं नाही हे त्याचं व्रत. वाळवंटात सगळे पाण्यावरून भांडत होते, माझा म्हातारा गप्प. शिंपीकाका म्हणाले, "अहो मागा की घोटभर, मेलात म्हणजे?" नाही मागितलं. आणि मेलो असतो तर संपलंच होतं, कारण आमच्याकडे पात्र मेलं की बायको त्याचे गुण लिहिलेला कागद तिथल्या तिथे फाडते, पुन्हा जिवंत-बिवंत काही नाही. तुम्ही हसाल, खुशाल हसा, पण सोमवार ते शनिवार मी नळजोडणीच्या अर्जांवर शिक्के मारतो हो. खिडकीपलीकडचा माणूस माझ्या तोंडाकडे बघतसुद्धा नाही, शिक्क्याकडे बघतो. आणि रविवारी चार तास राजे-महाराजे मला विचारतात, "गुरुजी, काय करावं?" तो कागद फाटला तर मी परत खिडकीत. फार जीव होता माझा त्या कागदावर.

आणि असा माणूस या दातवाल्याच्या खांद्यावर... तर खेळाच्या नियमांच्या पुस्तकात पान सत्तेचाळीसवर काय लिहिलंय, की जखमी साथीदाराला उचलून धावणाऱ्याचा वेग दुप्पट होतो. का लिहिलंय? अरे, मित्र पडलाय, रक्त वाहतंय, ते बघून माणसाच्या अंगात बळ संचारतं, म्हणून लिहिलंय ना? पुस्तक लिहिणाऱ्याला बिचाऱ्याला वाटलं असेल, माणसं वाचतील. वाचलं याने. चष्मा पुसून तीनदा वाचलं, आणि म्हणाला, "कितपत जखमी ते लिहिलेलं नाही." झालं. त्या दिवसापासून कुठे निघायचं म्हटलं की आधी मला सुई. नदीवर जायचंय, सुई. शेजारच्या गावात जायचंय, सुई. एकदा नुसतं अंगणातून विहिरीपर्यंत जायचं होतं, तर म्हणे वेळ वाचतो.

दरबारात तर मी डोकं खाली, पाय वर असा शिरलोय. राजा म्हणजे बायकोच, तिने छान घोगरा आवाज काढला, "कोण हा महात्मा?" मी सरदाराच्या पाठीमागून उलट्या तोंडाने आशीर्वाद दिला. काय करणार? मग राजा सरदाराकडे वळला, "शूर वीरा, बोल, तुझ्या मनात काय आहे?" आता काय सुंदर संधी होती बघा. आणि हा काय म्हणतो, "मन वळवायचे माझे गुण चौदा आहेत ताई, फासा टाकू का?" ताई. भर दरबारात राजाला ताई. शिंपीकाकांची झोप मोडली, ते म्हणाले, "माझी पाळी आली का?"

मी म्हटलं, अरे निर्लज्जा, तू सरदार आहेस ना, मग सरदारासारखा बोल. तुझ्या मनात काही येतं की नाही? म्हातारा माणूस आपण गोणीसारखा वाहतोय, त्याला काय वाटत असेल? तर हा अगदी शांतपणे, म्हणजे दाढ काढायच्या आधी बोलतात ना, "काही दुखणार नाही," तसल्या आवाजात, "पान सत्तेचाळीस, भाऊजी. त्यात वाटण्याबद्दल काही नाही."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, याला माणसात आणायचाच. दोन महिने, दर रविवारी खेळ संपला की स्वयंपाकघरात उभा करून शिकवला. इथे श्वास घे. इथे थांब. नजर खाली. मनात आधी दुःख आण, मग तोंड उघड. बायको म्हणायची, "अहो, सोडा की त्याला, भांडी घासायची आहेत मला." मी म्हटलं, भांडी राहू देत, कला मरतेय इथे.

मग आला शेवटचा रविवार. राक्षसाने पळवलेल्या पोरांना गुहेतून सोडवलेलं, शिंपीकाका त्यांना घेऊन बाहेर पडलेले. वरून दगडी दार खाली येतंय आणि ते साखळीने धरून कोण उभं? माझा म्हातारा. साखळी सोडली की दार पडणार, आणि म्हाताऱ्याच्या पायाने काही तो बाहेर पोचत नाही. शेजारी सरदार. दुप्पट वेगाने निघाला तर मला उचलून अगदी आरामात बाहेर. बायकोने हिशोब करूनच दार तेवढ्या उंचीवर ठेवलं होतं, मी ओळखतो तिला. आणि या वेळी तर सुईचीही गरज नव्हती, मी खरोखरचा जखमी होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या नियमाची वाट बघत होतो.

तर याने फासे खाली ठेवले. श्वास घेतला. नजर खाली. आणि म्हणाला, "गुरुजी, इतकी वर्षं मी तुम्हाला ओझ्यासारखं वाहिलं. एकदाही विचारलं नाही, तुम्हाला यायचंय का. आज विचारतो. तुम्हाला यायचंय?"

शिंपीकाकांनी डोळे पुसले. बायको माझ्याकडे बघायला लागली. मी काय बोलणार? स्वतःसाठी काही मागायचं नाही, तीन वर्षांचं व्रत. मी टेबलाखालून त्याला पाय मारला. डोळ्यांनी सांगितलं, अरे गाढवा, सत्तेचाळीस, सत्तेचाळीस. तो माझ्याकडे बघून नुसता भरल्या डोळ्यांनी हसला. आणि मी, सत्तर वर्षांच्या त्या शांत आवाजात म्हणालो, "माझी काळजी नको, बाळ. तू जा."

वाटलं, नाही ऐकणार. इतकी वर्षं कुठे ऐकलं होतं?

वाकून नमस्कार केला हो त्याने. "जशी आज्ञा," म्हणाला आणि गेला. एकटा. चालत.

बायकोने कागद फाडला. चार तुकडे केले, रडत रडत, आणि भावाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "काय रे सुंदर बोललास आज. कुणी शिकवलं तुला एवढं?"

मी म्हटलं, मी.