हरवलेल्या तेरेसा घोन्सालवीस यांचे म्हणणे

जबाब

नाव: तेरेसा सेबेस्टियन घोन्सालवीस, वय ६४ वर्षे, धंदा मासळी विक्री (सध्या बंद), राहणार पाचूबंदर, वसई पश्चिम, जिल्हा पालघर.

पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझे पती सेबेस्टियन हे मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, होते. ते दोन महिन्यांपूर्वी आजाराने दवाखान्यात वारले. माझा मुलगा रॉबर्ट हा बायको प्रिसिला व मुलगा जेसन, वय ७, यांच्यासह वसई रोडला फ्लॅटमध्ये राहतो व अंधेरीला नोकरी करतो. मी हरवल्याची तक्रार रॉबर्टने गोव्यातील पोलिसांकडे दिली आहे. वडील गेल्यापासून आई भानावर नसते, ती वाट चुकली असावी, असे त्याने त्यात लिहून दिले आहे. ती तक्रार बंद करण्यासाठी माझे म्हणणे इथे घेतले जात आहे. मी माझ्या बोलीत सांगितले, ते हवालदार मॅडमनी शुद्ध करून लिहिले आहे.

मुंबई ते गोवा आणि परत अशी ही क्रूझची सहल रॉबर्टने मागच्या दिवाळीतच ठरवली होती. आमच्या लग्नाला चाळीस वर्षे होणार होती म्हणून. नंतर पती वारले. रॉबर्ट म्हणाला, "मम्मी, पप्पांचीच इच्छा होती. तू चल, तुला बरं वाटेल." पतींची अशी काही इच्छा नव्हती. जन्म बोटीवर काढल्यावर सुट्टीला बोटीवर कोण जातो, असे ते म्हणाले होते. पण मी हो म्हटले. त्या दिवसांत कोणी काहीही विचारले तरी मी हो म्हणत होते.

आमच्याकडे बायका बोटीवर जात नाहीत. बोट लागली की मासळी उतरवून घ्यायची आणि विकायची, एवढाच आमचा समुद्र. त्यामुळे या वयात मी पहिल्यांदा पाण्यावर गेले.

मुंबईच्या बंदरात बॅगा तपासताना माझी सुकटीची पिशवी काढून घेतली. बाहेरचे खाणे चालत नाही म्हणाले. मॅडमच्या घरचेही क्रूझला जाणार आहेत असे बोलण्यात निघाले म्हणून चार गोष्टी सांगते, लिहायच्या नसतील तर लिहू नयेत. औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत, कारण मोठी बॅग खोलीत यायला संध्याकाळ होते. माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या बॅगेतच राहिल्या होत्या. स्वेटर न्यावा, आत बर्फाच्या पेटीत ठेवल्यागत गारठा असतो. मळमळणाऱ्या माणसाने जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावर खोली घ्यावी. जेवायला दार उघडल्या उघडल्या जाऊ नये, लोक आठ दिवसांचे उपाशी असल्यासारखे तुटून पडतात. आणि म्हाताऱ्या माणसाला आतली, बिनखिडकीची खोली देऊ नये. दिवा विझवला की दिवस आहे की रात्र ते कळत नाही.

मला तशीच खोली होती. मुलगा, सून व नातू समोरच्या खोलीत होते.

माझ्या दारावर एक पाकीट लावलेले होते. त्यात गळ्यात घालायची दोन कार्डे होती. एकावर माझे नाव, दुसऱ्यावर सेबेस्टियनचे. ते वारल्याचे रॉबर्टने कळवले होते, पण कुठल्यातरी कागदावरून नाव काढायचे राहून गेले. घरातले कोणी वारले असेल तर त्याचे नाव सगळीकडून निघाले की नाही ते स्वतः विचारून घ्यावे, हेही मॅडमनी घरी सांगावे. मी दोन्ही कार्डे गळ्यात घातली.

जहाज सुटण्याआधी सगळ्यांना एका जागी उभे करून बुडायची वेळ आली तर काय करायचे ते शिकवतात. जेसनला लघवीला लागली म्हणून रॉबर्ट त्याला घेऊन गेला होता, सून फोनवर होती. एक मुलगी कागद घेऊन नावे पुकारत होती. माझे झाल्यावर तिने सेबेस्टियनचे पुकारले. तिने परत पुकारले. मी म्हटले, "आमचा मानूस नाय आला." ती हसून हिंदीत म्हणाली की, आंटी, त्यांना खोलीतून बोलवा, हे सगळ्यांना सक्तीचे आहे. मी बरे म्हटले. सून शेजारीच होती, तिच्या लक्षात आले नाही. मी ते तिला किंवा रॉबर्टला सांगितले नाही.

खोली आवरणारा मुलगा रोज संध्याकाळी टॉवेलांचे हत्ती करून ठेवायचा. दोन्ही उशांवर एकेक. मी ते सोडून टॉवेलांच्या घड्या घालत होते.

माझ्या मुलाने किंवा सुनेने मला काही त्रास दिला का, असे विचारले गेले. नाही. दोघे चांगले वागतात. पती गेल्यापासून मी दुखवट्याचे काळे कपडे घालते, म्हणून सुनेने माझ्यासाठी निळा ड्रेस आणला होता. ती म्हणाली, "मम्मी, फोटोत तरी काळा नको ना." मी निळा घातला. फोटो काढले. नातू पोहण्याच्या तलावात होता, त्याचे कपडे धरून मी बसले. जादूचे खेळ पाहिले. येता-जाता रॉबर्ट विचारायचा, "मम्मी, मजा येते ना?" मी येते म्हणायचे. खरे सांगायचे तर मला काहीच वाटत नव्हते. वाईटसुद्धा वाटत नव्हते. मला जेवणाला चव लागत नव्हती, पण ते जेवण वाईट नव्हते, बाकीचे लोक ताटे भरभरून नेत होते.

गोव्याला जहाज मुरगाव बंदरात सकाळी लागले. मुलगा, सून व नातू बसने बीचवर गेले. मला उन्हात फिरवत नाही म्हणून जाण्याआधी रॉबर्टने मला वास्कोला चर्चमध्ये बसवले आणि सांगितले, "मम्मी, इथून हलू नकोस, मी चारला येतो." माझा फोन जहाजावर खोलीत राहिला होता. समुद्रात रेंज नसते म्हणून मी तो बरोबर घेणे सोडून दिले होते.

मी तिथे रोझरी म्हणायला घेतली, पण दुसऱ्या मण्यापुढे सरकेना. मग उठून विचारत विचारत मासळीच्या धक्क्यावर गेले. तिथे इझाबेल नावाची बाई बांगडे विकत होती. मी भाव विचारला, तिने सांगितला, महाग आहे, असे मी म्हटले. मग तिने मला बसायला टोपली उपडी करून दिली. दुपारभर मी तिच्याजवळ बसले. गिऱ्हाईक वाढले तेव्हा मी तिला मासे साफ करून दिले. तिने मला कुठून आलीस एवढेच विचारले.

चार वाजून गेले ते मला माहीत होते. रॉबर्ट चर्चमध्ये आला असेल हेही माहीत होते. मी गेले नाही. सहा वाजता जहाज सुटणार होते. त्या धक्क्यावरून बंदर दिसते. जहाज सुटले तेव्हा मी उभी राहून पाहिले. मुलगा, सून, नातू जहाजावर आहेत, त्यांना जेवण आहे, खोली आहे, असा विचार केला आणि खाली बसले.

ती रात्र मी इझाबेलच्या घरी काढली. तिने फोन पुढे केला होता. मला एकच नंबर पाठ आहे, तो सेबेस्टियनचा. तो फोन आता बंद असतो. दुसऱ्या दिवशी तिच्या मुलाने मला मडगावला गाडीत बसवून दिले. वसई रोडला उतरून मी रिक्षाने घरी आले. शेजारच्या एस्थरने मला पाहून रॉबर्टला फोन लावला.

रॉबर्ट जहाजावर नव्हता, हे मला तेव्हा कळले. बायको व मुलाला जहाजावर चढवून तो मागे राहिला होता. रात्रभर तो वास्कोतले दवाखाने फिरला. एका दवाखान्यात त्याला एका बाईचे प्रेत दाखवले. ते त्याने पाहिले. याचे मला फार वाईट वाटते. बऱ्याच दिवसांनी वाईट वाटले.

आज इथे येताना रॉबर्ट मला म्हणाला, "मम्मी, चुकून राहिले म्हण. विसरलीस म्हण. मॅटर संपेल." घरी येऊन राहा, डॉक्टरला दाखवू, पाचूबंदरच्या घराला कुलूप लावू, असेही त्याचे म्हणणे आहे. मॅडमनी आधी "वेळेचे भान न राहिल्याने जहाज चुकले" असे लिहिले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडले आहे. मला वेळेचे भान होते. वाट माहीत होती. मी विसरले नव्हते.

मग का राहिलात, असे विचारले. ते मी आतापर्यंत कोणाला सांगितलेले नाही.

जहाजावर मला पहाटे जाग यायची. बोट लागायच्या वेळेची सवय आहे. गोव्याच्या आदल्या पहाटे मी वर डेकवर गेले. कोणी नव्हते. चहूकडे पाणी होते, किनारा कुठेच नव्हता. पतींनी एवढी वर्षे हे पाहिले आणि घरी येऊन कधी बोलले नाहीत, असे मनात आले. कठड्याला धरून मी खाली पाहिले. पाणी जवळ वाटले. इतके दिवस कशातच जीव लागत नव्हता, तिथे लागला. एक पाय मी कठड्याच्या खालच्या दांडीवर ठेवला होता. मला भीती वाटली नाही. फरशी पुसणारा माणूस आला आणि ओले आहे, सरका म्हणाला, म्हणून मी सरकले. खोलीत आल्यावर मी दिवा लावून ठेवला आणि मुलाने हाक मारेपर्यंत दार उघडले नाही. परतीच्या वाटेवर त्या जहाजावर अजून एक पहाट व्हायची होती. मला ती नको होती. म्हणून मी चढले नाही.

मॅडमनी डॉक्टरकडे जायला सांगितले आहे. मी जाईन. पण भान गेले म्हणून नाही, हे लिहून ठेवावे.

हे मुलाला माहीत आहे का, असे विचारले. नाही. तो बाहेर बाकावर बसला आहे. मला हे त्याच्या तोंडावर सांगता येत नाही. तो मजा येते ना असे विचारील आणि मी येते म्हणेन. म्हणून हा जबाब वाचतील तेव्हा त्याला आत बोलवावे, अशी माझी विनंती आहे.

हा जबाब आज पहिल्यापासून शेवटपर्यंत मला, व माझ्या विनंतीवरून माझा मुलगा रॉबर्ट याच्यासमोर, मोठ्याने वाचण्यात आला. मी सांगितला तसाच तो लिहिला आहे. मला सही येते, परंतु उजवा हात मुलाने धरून ठेवल्यामुळे डाव्या हाताचा अंगठा दिला आहे.