उद्या धुवायचे पाय

— अहो, ठेवा ना पाय, ठेवा. इतकं काही कढत नाहीये पाणी. हं. आता दुसरा. लाजायचं काय त्यात? सकाळपासून अकरा म्हाताऱ्यांचे एकवीस पाय धुतलेत मी — एकवीसच, सुतार अलॉइसचा एक लाकडाचा — पण तो म्हणाला, ‘त्सेन्झीबाई, ह्यानं काय घोडं मारलंय?’ मग तोही पुसून दिला. तुम्ही बारावे, शेवटचे, म्हणजे आता घाई नाही. गंमतच आहे नाही? उद्या पवित्र गुरुवार, उद्या चर्चमध्ये सगळ्या गावासमोर खुद्द ड्यूक गुडघे टेकून, येशूनं बारा शिष्यांचे धुतले तसे, हे पाय धुणार, आणि आज ही त्सेन्झी ते आधीच घासून ठेवतेय. धुतलेलेच धुवायचे! पण थोरल्या ड्यूकांच्या वेळी एकाच्या बोटांतून शेण निघालं आणि महाराजांच्या आत्याबाई घेरी येऊन पडल्या, तेव्हापासून आदल्या बुधवारी हे काम माझ्याकडे.

तुमचे पाय मात्र — अगं बाई, ही दोन बोटं कुठे गेली? गारठ्यानं? हो, तराफ्यावरच्या माणसांचं हे असंच. बर्फाच्या पाण्यात उभं राहून लाकडं खाली न्यायची म्हणजे काय. माझ्या वडिलांची तीन गेली होती. आई म्हणायची, बरं झालं, मोज्यांना लोकर कमी लागते... हसा की. बरं, नका हसू. बोलूही नका, मी बोलते. एकतीस वर्षं या राजवाड्यात चाव्या सांभाळतेय, भिंतींशी बोलायची सवय आहे मला.

पण कोर्बिनियनबाबा, एक विचारू? गावात बोलतात ते खरं का? तुम्ही म्हणे गुत्त्यात बसून सांगितलंत — उद्या ड्यूकनं हात पुढे केला की मी पाय मागे घेणार. भर चर्चमध्ये. बघा, मान खाली घातलीत. म्हणजे खरं. अहो, असं आजवर कुणी केलेलं नाही. बाराव्यानं पाय द्यायचा, धुऊन झाला की ड्यूकच्या खांद्यावर हात ठेवून ‘देव तुला बळ देवो’ म्हणायचं, तेव्हा कुठे लोक गुडघ्यांवरून उठतात. तुम्ही पाय मागे घेतलात तर? लोक म्हणतील, देवानंच नाकारला ह्याला. आणि आपलं राज्य ते केवढं — इकडे शिंकलं तर शेजारच्या राजाला ऐकू जातं. तो टपूनच बसलाय, पोराला राज्य पेलत नाही असं कुणी म्हणायची खोटी, की घास घेतलाच.

आणि पोरच आहे हो तो. आत्ता कुठे बाविसावं लागलंय. मी त्याला पोल्डी म्हणते — लोकांसमोर नाही, लोकांसमोर महाराज — पण दोन तासांचा असताना माझ्या हातात दिलेला, आता या वयात हे तोंड कुठे वळायला? तुम्हाला वाटतं राजवाडा, मेजवान्या, शिकारी. काय सांगू तुम्हाला. सकाळी सहाला डोळे उघडतो तर दिवाण कागदांचा ढीग घेऊन उभाच. इथे सही, महाराज. इथे. आणि इथे. दुपारी कुठल्यातरी दरबारचा वकील, त्याच्यासमोर तेच भाजलेलं बदक आणि तेच हसू. संध्याकाळी चोवीस माणसांच्या टेबलाशी एकटा जेवायला बसतो. स्वयंपाकघर दोन जिने खाली, सूप वर पोचेपर्यंत गार, पण बोलणार नाही, कारण बोललं की आचारी रडतो. वडिलांचा कोट घालतो, बाह्या मी दोनदा आत घेतल्यात. आत्याबाई रोज एका राजकन्येचं चित्र आणून टेकवतात समोर. परवा एक बघून म्हणाला, ‘त्सेन्झी, ही घोड्यांवर फार माया करत असणार, कारण —’ आणि पुढचं बोललाच नाही. हसलाही नाही. पूर्वी हसून लोळला असता. त्याला काय हवं होतं माहीत आहे? नाशपातीची कलमं करायची. बस, एवढंच. मागच्या भिंतीशी सात झाडं आहेत त्याची, दोन वर्षं छाटायला वेळ झाला नाही, रान माजलंय नुसतं. बसल्या खुर्चीत झोपतो, बुटांसकट. मी जाऊन बूट काढते. ते तरी कुणी काढायचे?

पाणी ओतू का आणखी? ओतते.

कळतं मला, तुमच्या मनात ते तीनशे जण आहेत. शेजारच्या राजानं त्याच्या लढाईसाठी माणसं मागितली, नाही दिलीत तर आमची फौज तुमच्याच शेतांतून जाईल म्हणाला. काय करायचं होतं त्यानं? बापाला पुरून महिना झाला नव्हता. केली सही. पण मग अंगणात टोपी हातात धरून उभा राहिला आणि तीनशेच्या तीनशे नावं ऐकली. आणि सहीच्या खाली स्वतःच्या हातानं एक ओळ घातली — दिवाणाला न विचारता, ती पहिलीच वेळ! — की म्हाताऱ्या बापाचा एकुलता असेल, नाहीतर शरीरानं अधू असेल, त्याचा अर्ज माझ्या हाती आला की त्याला सोडायचं. सोळा जणांना सोडलं. हाती आलेला एक अर्ज फिरवला नाही त्यानं, एकही नाही. दगडाच्या काळजाचा म्हणता तुम्ही त्याला — अहो, तुमचा वेंडेलिन तर एकुलता, त्यातून डाव्या कानानं बहिरा, त्याला तर त्यानं —

काय झालं? असे काय बघताय?

कुणी सांगितलं म्हणजे... गावातच कुणीतरी... नाही? गावात कुणाला माहीत नाही? हो. घोड्याची लाथ बसली होती, सहा वर्षांचा असताना, आणि तो लपवायचा, पोरी हसतील म्हणून. हो. तुम्ही ते एकदाच लिहून घेतलंत. अर्जात.

नका, पाय काढू नका बाबा. थोडंसंच थांबा. सांगते.

त्या शुक्रवारी. आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे, शुक्रवारी ड्यूक स्वतः दारात उभा राहून अर्ज घेतो, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. तो चार दिवस झोपला नव्हता. त्या सकाळी खुर्चीतच डोळा लागला त्याचा, आणि मला — मला दया आली हो. त्याची. बाहेर भुरभुर पावसात तुम्ही सगळे रांगेत उभे होतात, तुमची नाही आली. मी बाहेर गेले, म्हटलं महाराजांना बरं नाही, द्या माझ्याकडे. नऊ कागद. तुमचा मेणकापडात होता. तुम्ही विचारलंत, ‘बाई, त्यांच्या हातातच द्याल ना?’ आणि मी म्हटलं, देवाशपथ. देवाशपथ म्हटलं मी! आठ दिले. तुमचा चुरगळू नये म्हणून माझ्या पुस्तकात ठेवला होता — मृतांच्या प्रार्थनांचं जाड पुस्तक, थोरल्या ड्यूकांना जाऊन महिना झाला तेव्हाच्या मिस्सासाठी, चर्चमधल्या प्रार्थनेसाठी, बाहेर काढलेलं. मिस्सा झाला, पुस्तक कपाटात गेलं. ते उघडलं नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी. कागद मांडीवर पडला. तुकडी जाऊन पाच महिने झाले होते.

तेव्हाच सांगायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू — आणि सांगण्याऐवजी मी नवस बोलले. दर बुधवारी नुसता पाव आणि पाणी, आजही तेच खाल्लंय. दर शनिवारी टेकडीवरच्या मरियामातेकडे अनवाणी. वेंडेलिन परत आला तर चांदीचा कान वाहीन म्हटलं. चांदीचा कान! तिला काय करायचाय तो? पोल्डी विचारतो, ‘या गुडघ्यांनी कुणासाठी चढतेस गं?’ मी म्हणते, तुमच्यासाठीच, महाराज. आणि तुम्ही इकडे दोन वर्षं धरून बसलात की त्यानं वाचला आणि फेकून दिला. त्यानं तुमचं नावसुद्धा ऐकलेलं नाही, बाबा.

हा घ्या. एप्रनच्या खिशातच असतो, झोपताना उशीखाली. उद्या सगळ्यांसमोर उघडा, पाद्रीबाबांकडून वाचून घ्या आणि माझं नाव घ्या. त्याच्या खांद्यावर हात ठेवायचं तेवढं सोडू नका. थकले मी. खरंच थकले.

काय? परत कशाला देताय? कोपरा भिजला बघा... नको तुम्हाला? मग? वर — वर काय? त्याला? आत्ता? अहो, दोन वर्षं झाली त्या कागदाला, आता कुणाला काय —

हो. पत्र आलं होतं, नाताळाच्या आधी, पाद्रीबाबांनी मलाही सांगितलं. खंदक खणतोय, जिवंत आहे. हो. एकुलता होता, आजही एकुलताच. बहिरा आहे, आजही. आणि ती ओळ — नाही, ती ओळ कुणी खोडलेली नाही. हाती आला की सोडायचं. कधी आला, ते नाही लिहिलेलं.

अरे देवा. टेकडी शंभर वेळा चढले मी, बाबा. जिन्याच्या पायऱ्या बावीस.

काढून टाकेल तो मला. टाकू दे. नाही टाकणार, तेच वाईट, नुसता बघत राहील. तुम्ही पुसा पाय, हा पंचा. मोजे चुलीशी ठेवलेत, ऊबदार झाले असतील. उद्याचं तुमचं तुम्ही ठरवा, मी आता विचारणार नाही, तो हक्क गेला माझा. निघा तुम्ही... नाही, निघू नका. या माझ्याबरोबर, दाराशी उभे राहा. मी आत गेले की नाही, ते बघायला कुणीतरी हवं.

सावकाश. ही पायरी सैल आहे. ही पण.

बघितलंत? झोपलाय. दिवस मावळला नाही अजून, आणि लेखणी बोटांतच आहे. बूट बघा, बूट तसेच. तुम्हीच सांगा, कसं उठवायचं याला? ... बरं. नका बघू असं. उठवते.

पोल्डी. ऊठ बाळा. अर्ज आलाय.