पांढरा ओटा

सून : कपाटांना हँडल नकोतच म्हणतेय मी. दार नुसतं दाबलं की उघडतं. सगळी भिंत कशी सपाट, एकसंध दिसते.

आई : आणि भिंत कुठली, दार कुठलं, ते चाचपून शोधायचं?

सून : अहो आई, दोन दिवसांत हाताला सवय होते.

आई : मला मुठी हव्यात. चांगल्या ठसठशीत. लाल असल्या तरी चालतील.

सून : लाल! खेळण्यांचं दुकान काढायचंय का आपल्याला?

आई : तुझी हौस मोडायची नाहीये गं मला. पण ओटा पांढरा, टाइल्स पांढऱ्या, कपाटं पांढरी... दवाखान्यात आल्यासारखं नाही का वाटणार?

सून : स्वच्छ वाटेल, मोकळं वाटेल. एवढंसं स्वयंपाकघर आपलं, पांढऱ्याने दुप्पट दिसेल. आणि उधळपट्टी कुठेच नाहीये हं. कपाटांचे सांगाडे तेच, फक्त फुगलेली दारं बदलायची. नळ तिथेच, शेगडी तिथेच. म्हणून तर ओट्याला नवा दगड परवडतोय. तुमच्या मुलाने पण मान डोलावली.

आई : तो काय, तू काढलेल्या प्रत्येक चित्राला मान डोलावतो.

सून : गेले दोन महिने बघतेय मी. जे सुचवावं त्याला तुमचं काहीतरी असतंच. ओव्हन आत बसवू म्हटलं, नको. ट्यूब काढून छोटे दिवे लावू म्हटलं, अजून मोठी ट्यूब लावा. तुम्हाला काही बदलायचंच नसेल तर तसं सांगा ना सरळ.

आई : तसं नाही गं.

सून : मग हा दगड तरी बघा. नमुना आणलाय, उद्या दुकानात परत करायचाय. स्टुलावर ठेवलाय, या अशा पुढे. हात फिरवून बघा.

आई : गुळगुळीत आहे.

सून : आणि रंग? त्यावर ठेवा तुमचा चहाचा कप. बघा कसा उठून दिसतो.

(कप फरशीवर पडून फुटतो.)

सून : आई!

आई : फुटला का?

सून : फुटला का काय विचारताय? आवडला नाही तर तोंडाने म्हणायचं होतं. कप कशाला टाकायचा?

आई : टाकला नाही. ठेवला.

सून : कुठे? हवेत?

आई : मला वाटलं, दगड तिथपर्यंत आहे.

सून : वीतभर अलीकडे संपतोय तो!

आई : खाली फरशीही पांढरीच आहे ना. मला सगळं एकच दिसलं.

सून : थांबा, हलू नका. पायाशी काचा आहेत. आई... किती दिवसांपासून?

आई : काचा भर आधी.

सून : मी विचारतेय काहीतरी.

आई : मागच्या थंडीपासून. आधी अक्षरं वाकडी दिसायला लागली. वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. वाचनालयात जाते म्हणून सांगितलं आणि शेजारणीला घेऊन डॉक्टरकडे गेले. डोळ्याच्या पडद्याची झीज आहे म्हणाले. मधोमध. गेलंय ते परत यायचं नाही, उरलंय ते इंजेक्शनांनी टिकवता येईल.

सून : मग घेतलीत इंजेक्शनं?

आई : एकच. पुढच्या वेळी सोबत घरचं माणूस आणा म्हणाले.

सून : आणि तुम्ही गेलाच नाहीत! अहो, आम्ही कामावर गेल्यावर तुम्ही एकट्या शेगडी पेटवता इथे. काही झालं असतं म्हणजे? आम्ही काय परके आहोत?

आई : ओरड. तुझा हक्कच आहे.

सून : ओरडत नाहीये. घाबरलेय मी. का नाही सांगितलंत?

आई : सांगितलं असतं तर काय केलं असतंत? उचलून खुर्चीत बसवलं असतंत. अगदी प्रेमाने. आई, तुम्ही आराम करा. आई, सुरीला हात लावू नका. तुझे सासरे गेल्यावर मला उभं केलं ते या ओट्याने. सकाळी उठायला कारण लागतं गं माणसाला. ते गेलं की मी नुसती घरात ठेवलेली.

सून : आणि मी शहाणी, पांढऱ्यावर पांढरं रंगवत बसले होते.

आई : तुला काय ठाऊक! चित्र सुरेख होतंच की. ऐकूनच कळत होतं.

सून : इकडे या, या खुर्चीत बसा. कायमच्या नाही हो, काचा भरेपर्यंत! आता मला खरं सांगा. आत्ताचा ओटा दिसतो?

आई : तो काळा आहे ना, दिसतो. त्यावर पांढरी ताटली ठेवली की छान दिसते. कांदा दिसतो. वांगं दिसत नाही, ते हाताने समजतं.

सून : म्हणजे काळा दगड ठेवायचा. घासून-पुसून पॉलिश केला की चमकेल. भिंत पांढरी, ओटा काळा. दारं फिकट, त्यांवर तांब्याच्या रंगाच्या मुठी. अहो, हे तर दिसायलाही झकास होईल!

आई : मग लाल नाहीतच का?

सून : लाल अजिबात नकोत. तेवढं माझं ऐका. आणि दिवा कुठे लावू?

आई : ट्यूब पाठीमागे आहे. माझीच सावली चिरायच्या फळीवर पडते.

सून : मग वरच्या कपाटांखाली लांब पट्टीचा दिवा, थेट ओट्यावर उजेड. खालची खोल कपाटं काढून खण करू, ओढले की सगळं पुढ्यात. शेगडीच्या बटणांवर उंचवटे चिकटवू, बोटाला बंद-चालू कळेल. दगडाचे पैसे वाचतायत, त्यातच बसेल सगळं.

आई : आणि सुरी?

सून : सुरी तुमच्याकडेच. पण तळण माझ्याकडे. आणि इंजेक्शन चुकवायचं नाही, मी येणार सोबत.

आई : तळण तसंही तुझंच बरं होतं.

सून : अजून एक. यांना आज सांगायचं. मी नाही सांगणार, तुम्ही.

आई : उद्या सांगितलं तर?

सून : जिन्यात वाजतायत बघा पावलं.

मुलगा : काय गं, स्टुलाखाली चहा कसला सांडलाय? आणि हे काय, चित्रावर काळ्या पेन्सिलीने गिरवलंस? ओटा पांढरा होता ना?

सून : बदलला. आईंनी सुचवलं.

मुलगा : अरे वा! भारी दिसतोय की. आई, तू तर डिझायनर निघालीस.

आई : बस जरा. मला काहीतरी सांगायचंय. माझे डोळे गेलेत रे. म्हणजे सगळे नाही, मधले.

मुलगा : मधले म्हणजे?

आई : ज्याच्याकडे सरळ बघावं, नेमकं तेच पुसलं जातं. कडेचं दिसतं.

मुलगा : म्हणजे आत्ता... माझा चेहरा?

आई : सरळ बघितलं तर नाही. मान अशी वळवली की दिसतोस. म्हणून तर हल्ली तिरकी बघते तुझ्याकडे. तुला वाटायचं, आई रागावलीय.

मुलगा : वाटायचं खरं.

आई : आता तू तरी रागावू नकोस.

मुलगा : नाही गं. तू वळव मान. बघ नीट, मी हलत नाही.