पान एकशे एक्केचाळीस

हं, हाच तो कॉम्प्युटर, खिडकीखालचा. बॅग टाक सोफ्यावर. आणि जय भीम, हर्षिता — बघ, दारातून सरळ पेशंटकडेच आणलं तुला, जय भीमसुद्धा राहून गेला. बूट काढलेस ते बरं केलंस, आमच्या सूनबाईला चालत नाही. शिवांगीनंच पाठवलं ना तुला? वाटलंच. माझ्याशी परवापासून दोन शब्द धड नाही, पण फोन करून मैत्रिणीला बोलावते — घरात नाही बोलणार, बाहेर व्यवस्था करणार. असो. तू बघ. मी बोलत राहतो, तू लक्ष देऊ नकोस.

तर केस अशी आहे. सोमवारी तो बर्फाचा पाऊस झाला, तारांवर झाडं पडली आणि लाइट गेली. दोन दिवस! अमेरिकेत, दोन दिवस! आमचा प्रफुल्ल नुसता फोन घेऊन इकडून तिकडे — बाबा, आउटेज मॅप बघतोय. अरे बाबा, मॅप बघून लाइट येते का? मी चौतीस वर्षं सब-स्टेशनला ऑपरेटर, नागपूरच्या पुढं, पारशिवनीला. मला विचार ना! आणि विचारलं बरं का. खरं सांगू, मला तर मजाच आली. चार महिने या घरात मला कोणी काही विचारलं नव्हतं, टीव्हीचा रिमोटसुद्धा मलाच शिकवतात — आणि ते दोन दिवस मी एकदम साहेब! बाबा, फ्रीजचं काय करू, बाबा, मेणबत्ती इथं ठेवू का. कानटोपी घालून खुर्चीत बसलो होतो आणि ऑर्डरी सोडत होतो.

काय म्हणालीस? स्क्रीनचा दिवा? लागतो की, पिवळा. म्हणजे प्लगांच्या पट्टीत करंट येतोय, तेवढं मलाही कळतं. हा डबा मात्र ढिम्म. बुधवारी सकाळी लाइट आली, फ्रीज घुरघुरायला लागला, टीव्ही लागला, आणि याचं बटण दाबतोय, दाबतोय — पंखा नाही, आवाज नाही, काही नाही. प्रफुल्लनं बघितलं का? तो कुठला बघतो, त्याच सकाळी कामासाठी शिकागोला गेला. पण मला विचारशील तर कारण मला माहीत आहे. हीटर! लाइट आल्या आल्या शिवांगीनं त्याच पट्टीत हीटर लावला. पंधराशे वॉटचा हीटर, कॉम्प्युटरच्या पट्टीत! मी म्हटलं तिला — जरा चढ्या आवाजातच म्हटलं, आता लपवायचं काय — की एवढी शिकलीस, युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये काम करतेस, आणि एवढं कळत नाही? घालवलंस सगळं. हीटर कोणासाठी लावला होता? माझ्यासाठीच. माझे पाय गार पडले होते. पण ते वेगळं, तत्त्व वेगळं.

सगळं म्हणजे काय, विचार. एकशे चाळीस पानं. माझी. म्हणजे सांगितली मी, टाइप केली तिनं. रोज जेवणानंतर अर्धा तास, मी या खुर्चीत, ती तिथं. लॅबमधून थकून यायची, पण चुकवलं नाही एक दिवस. माझी सगळी नोकरी आहे त्यात — वादळं, ट्रान्सफॉर्मर, साहेब लोक, पहिल्या दिवशी मला वेगळा पाण्याचा ग्लास दाखवणारे महाभाग, आणि तेच पुढं फोन करून विचारायचे, दादाराव, लाइन चालू करू का? रविवारी माझं विमान आहे, नागपूरला आमच्या रिटायर्ड मंडळींना वाचून दाखवणार होतो. कॉपी? नाही ना गं! ती म्हणत होती, बाबा, क्लाउडवर ठेवू. मीच म्हटलं, आपलं लिखाण कोणाच्या ढगात कशाला? आता हा उघडला नाही तर गेलं. पुन्हा चार महिने मी कुठून आणू, आणि तिला तरी पुन्हा कोणत्या तोंडानं बस म्हणू?

एक गोष्ट तेवढी तिला खटकायची. म्हणायची, बाबा, एकशे चाळीस पानांत तुमची एकही चूक नाही, कोणाचा विश्वास बसेल? मी म्हटलं, नाही झाली तर काय खोटी घालू? डिसिप्लिन असते बेटा. लाइन गेली की आधी आयसोलेट — सगळं तोडून ठेवायचं, कारण करंट परत येताना झटका देतो. आणि दुसरा नियम, ज्यानं स्विच पाडला, म्हणजे बंद केला, त्यानंच उचलायचा. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, साहेब असला तरी. लाइनवर माणूस चढलेला असतो. हा नियम मी तिला तीन वेळा टाइप करायला लावला. आणि त्याचाच टोमणा मारला तिनं मला! काल म्हटलं, तू तरी उघडून बघ. तर म्हणते — मी नाही हात लावणार बाबा, तुमचाच नियम आहे. बोलण्याची पद्धत झाली का ही?

इथंसुद्धा मी सगळं तोडलं होतं, हो! लाइट गेल्याबरोबर. फ्रीजचा प्लग काढला, टीव्हीचा काढला. इथल्या भिंतीला बटणंच नाहीत, नुसती भोकं, काय देश आहे! याचा प्लग टेबलामागं, कंबर वाकेना. मग अंधारात मागं हात घातला, चाचपडत, आणि तिथं एक छोटं...

थांब. जरा थांब.

कुठं टॉर्च मारतेयस? डब्याच्या मागं? दाखव. सरक जरा. बटण गोळ्याकडे पडलंय, म्हणजे बंद. रेघेकडे नाही, गोळ्याकडे.

हसू नकोस. अगं, हसू नकोस म्हणतो ना! अरे बाप्पा. मीच पाडला होता. लाइट आल्यावर फ्रीजचा प्लग लावला, टीव्हीचा लावला, आणि हा... हा विसरलो. चौतीस वर्षांत एकदा नाही, आणि इथं, सुनेच्या घरात! — ऐक, हर्षिता. तू बटण उचल आणि तिला सांग, आत काहीतरी जळलं होतं, तू बदललंस. काय जळतं यात? तूच ठरव काहीतरी. हीटरचं नाव मी पुन्हा काढणार नाही.

काय? तिला माहीत आहे? कधीपासून? बुधवारपासून. म्हणजे मी तिच्यावर ओरडल्यावर तिनं मागं वाकून बघितलं. आणि तुला सांगितलं, तू हात लावू नकोस, फक्त बाबांना दाखव? तिच्या एका बोटाचं काम होतं ते. मला तोंडावर पाडता आलं असतं, प्रफुल्लला फोन करून हसता आलं असतं. नाही केलं. माझा नियम पाळत बसली पोरगी, आणि मी म्हटलं टोमणा मारला. तीन वेळा टाइप करून तिला कळला तो. माझंच डोकं चाललं नाही.

नको, नको, हात काढ. राहू दे बंद. चालू होईल म्हणतेस, होईलही. नाही झालं तर तेही तिच्यासमोरच होऊ दे. मी पाडलाय, मीच उचलणार, ती इथं उभी असताना. आणि आधी सांगणार, मग उचलणार. अकरा हजार व्होल्टच्या लाइनला कधी एवढं भ्यालो नाही बघ. मग तिला म्हणेन, बस बेटा, थकली नसशील तर एकच पान, एकशे एक्केचाळीस. लिही — माझ्या हातून चूक झाली आणि मी तिचा आळ माझ्या सुनेवर घातला. हे वाक्य नागपूरला सगळ्यात आधी वाचणार मी.

ती बघ, बस थांबली कोपऱ्यावर. निळं जॅकेट, तीच. अगं, चहा पुढच्या वेळी, आता काय चहा घेऊन बसतेस! बॅग उचल, बूट घाल. तिला भेटलीस तर काही सांगू नकोस, बाबांना दाखवलंस का विचारलं तर नुसतं हो म्हण. आणि दार उघडंच ठेव जाताना, मी उठतो. जा. जा म्हणतो ना.