मरळीचा दाखला

(नाशिकपासून जवळ, ओढ्याकाठची प्रयोगाची खोली. १९३६चा उन्हाळा. खंडेराव पाण्यातल्या जिवांचे अभ्यासक, नजीर त्यांचा सहाय्यक.)

नजीर : मी पुन्हा सांगतो साहेब, विहिरीच्या स्वच्छ पाण्यात मेली ती.

खंडेराव : मरळ? काहीतरीच! रंगखान्यातून ओढ्यात येणाऱ्या त्या जांभळ्या पाण्यात ती मजेत राहते आणि विहिरीच्या पाण्यात मरते?

नजीर : या वेळी मी पाण्याच्या आत जाळी बांधली होती. तिला वर येता येईना. रंगखान्याच्या पाण्यात ती वर येऊन तोंडानं हवा घ्यायची, म्हणून जगली.

खंडेराव : मरळ हवा घेते हे मला शिकवतोस? मीच तुला शिकवलंय ते.

नजीर : हो ना. दोघांनाही ठाऊक होतं, तरी तीच घेतली. का, तर मासळीवाल्या पुतळाबाईच्या पाटीत तेवढीच जिवंत असायची. बाकीची मासळी नदीवरून बाजारात येईस्तोवर मेलेली. जी सहजासहजी मरत नाही तीच आपण निवडून आणली आणि वर म्हणालो, बघा, या पाण्यात मासे जगतात!

खंडेराव : मग तेव्हा काय मिठाची गुळणी धरली होतीस?

नजीर : तेव्हा डोक्यातच आलं नाही, कसम. काल वरच्या डोहातली बारीक मासळी हंड्यातून आणली. रंगखान्याच्या पाण्यात सोडली. हवा मिळावी म्हणून पाणी सारखं ढवळत बसलो. तरी सगळी उताणी. पाण्यातच विष आहे साहेब.

खंडेराव : हळू बोल. अहवाल गेलाय कचेरीत, माझ्या सहीनं. त्याच्याच जोरावर मुंबईच्या संशोधनशाळेनं बोलावलंय मला. आता काय कळवू? मासा चुकला? शेंबडं पोरसुद्धा हसेल रे.

नजीर : हसू देत. खालच्या वाडीतले लोक हेच पाणी पितात.

खंडेराव : पावसाळा होऊ दे. ओढा वाहता झाला की नव्यानं प्रयोग करू. खात्री पटली की बोलू.

नजीर : तोवर त्यांनी काय प्यायचं?

खंडेराव : भीती वाटते मला, नजीर. सगळी उमर घालवली इथवर यायला. झालं समाधान? ...दारात कोण आहे?

मालनबाई : मी मालन, सायब. खालच्या वाडीची. कैऱ्या आनल्यात तुमच्यासाठी. वाडीवर लय उपकार झाले तुमचे.

खंडेराव : कसले उपकार?

मालनबाई : इसरले व्हय! त्या रंगाच्या भ्यानं आम्ही टेकडीपल्याडच्या झिऱ्यावर जायचो पान्याला. तुम्ही वाडीत आले, सगळ्यांदेखत ओढ्याचं पानी तांब्याभर पेले. म्हनले, मासे जगतात, मानसाला काय व्हतंय. तव्हापासून झिऱ्याची वाट सोडली आम्ही. सून पोटुशी हाय माझी. तिची पायपीट वाचली बघा.

नजीर : साहेब...

खंडेराव : ऐकलं मी. मालनबाई, ते पाणी पिऊ नका.

मालनबाई : आँ?

खंडेराव : चूक झाली माझी. भलत्याच माशावर भरवसा ठेवला मी. ते पाणी वाईट आहे.

मालनबाई : थट्टा करता का गरिबाची?

खंडेराव : नाही हो, बाई. सुनेला तर थेंबभरसुद्धा देऊ नका. आत्ता जा, वाडीत सगळ्यांना सांगा.

मालनबाई : मी सांगू? माझं कोन ऐकंल, सायब? तुम्हाला पेताना बघितलंय त्यांनी.